निष्कंप हात

ज्या प्रश्नांचा निकाल कसाही लागला तरी आपला दिवस नेहमींप्रमाणें उगवतो आणि मावळतो, अशा प्रश्नांवर बोलतांना मनुष्य मोठा उदार असतो. मनुष्य श्रेष्ठ कीं यंत्र श्रेष्ठ, हा त्यांपैकींच एक. महाविद्यालयाच्या वादविवादसभांतून गेलीं तीस वर्षें मी या विषयावरील भाषणें ऐकत आलों आहें (किंवा, कान साथ देईनासे झाल्यापासून, ऐकल्याचा आव आणीत आलों आहें) आणि दोन्ही पक्षांना सारखेच गुण देऊन मोकळा होत आलों आहें. परंतु यंदाच्या उन्हाळ्यांत हाच प्रश्न माझ्या उजव्या कानाच्या रूपानें माझ्यापुढें उभा राहिला, आणि तेव्हांपासून तो मला पूर्वीइतका सोपा वाटेनासा झाला. त्याचा विचार करतां करतां मी ज्या मतापर्यंत आलों तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम कानाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. कानाच्या पडद्यामागें एक लहानशी पोकळी आहे आणि तिच्यांत एकमेकांना जोडलेलीं तीन हाडें आहेत. हातोडी, ऐरण आणि रिकीब अशीं त्यांचीं नांवें. रिकीब हें मनुष्यदेहांतील सर्वांत लहान हाड. त्याची उंची सुमारें ३ मिलिमीटर आणि वजन सुमारें ३ मिलिग्रॅम; म्हणजे तांदुळाच्या एका दाण्याहूनही तें किती तरी हलकें. बाहेरून आलेला ध्वनि पडद्याला हलवितो, पडदा हातोडीला, हातोडी ऐरणीला आणि ऐरण रिकिबीला. आणि रिकिबीचा तळ अंतर्कर्णाच्या खिडकींत दट्ट्यासारखा मागेंपुढें होऊन आंतील द्रवांत लाटा उठवितो. कांहीं माणसांच्या ठायीं या खिडकीच्या कडेला नवें हाड वाढतें आणि रिकिबीचा तळ जखडून टाकतें. या विकाराला ओटोस्क्लेरोसिस म्हणतात. पडदा शाबूत, मज्जातंतु शाबूत, पण बिजागरी गंजल्यामुळें दार हलत नाहीं, अशी ही स्थिति. माझ्या दोन्ही कानांची ती झाली.

मी राहतों तें नागापूर एके काळीं खेडें होतें. आज तें अहिल्यानगरच्या औद्योगिक वसाहतीचें गांव आहे. मनमाड रस्त्यावरची अवजड वाहनें आणि कारखान्यांतील पत्रे ठोकण्याचा आवाज यांच्या सोबतीनें येथला दिवस जातो. या विकाराचा एक विलक्षण गुण असा कीं, त्यानें बहिरा झालेल्या माणसाला शांततेपेक्षां गोंगाटांत अधिक ऐकूं येतें. कारण गोंगाटांत इतर लोक आपला आवाज चढवितात, आणि ज्या गलक्यानें त्यांचे कान भरून जातात तो याच्यापर्यंत फारसा पोंचतच नाहीं. पडघम वाजत असेपर्यंतच ऐकूं येणाऱ्या एका स्त्रीची हकीकत सतराव्या शतकांतील टॉमस विलिस या इंग्रज वैद्यानें नोंदवून ठेवली आहे. माझें तसेंच झालें होतें. कारखान्याच्या दारांत उभें राहून मी कोणाशींही तासभर बोलूं शकें. वर्गांतील निःशब्द शांततेंत एखाद्या विद्यार्थिनीनें हळू आवाजांत विचारलेला प्रश्न मात्र मला कळत नसे. दोनचार वेळां मीं भलत्याच प्रश्नाचें उत्तर दिलें. मुलें हसलीं नाहींत, हें मला अधिक लागलें. मग मीं एक युक्ति काढली. तासाचीं शेवटचीं पांच मिनिटें मी प्रश्नांसाठीं राखीत असें, तीं व्याख्यानांतच घालवूं लागलों. माझा तास घंटेबरोबर संपूं लागला, आणि प्राध्यापक मोठे वक्तशीर आहेत अशी माझी ख्याति झाली.

या विकारावर शस्त्रक्रिया आहे. १९५२ सालीं न्यूयॉर्कमध्यें सॅम्युएल रोझेन एका रोग्याची रिकीब कितपत जखडली आहे हें चाचपून पाहत असतां ती अकस्मात् मोकळी झाली, आणि रोग्याला तेथल्या तेथें ऐकूं येऊं लागलें. पुढें १९५६ च्या मे महिन्यांत मेंफिस येथें जॉन शे यांनीं जखडलेली रिकीब काढून टाकून तिच्या जागीं टेफ्लॉनची नवी बसविली. आज बहुधा सबंध हाड काढीत नाहींत; त्याच्या तळाला अर्ध्यापाऊण मिलिमीटरचें भोंक पाडून त्यांत एक सूक्ष्म दट्ट्या बसवितात आणि त्याचें दुसरें टोंक ऐरणीला अडकवितात. भोंक पाडणारें हत्यार थोडें अधिक खोल गेलें, तर असलेलें श्रवणही कायमचें जाण्याची भीति. आणि चेहऱ्याचे स्नायु हलविणारा मज्जातंतु अगदी शेजारून गेलेला. निष्णात हातांतही शेंकड्यास एखाद्या रोग्याचा तो कान पूर्णपणें जातो, असें पहिल्याच भेटींत मला सांगण्यांत आलें होतें.

बारा वर्षांपूर्वीं माझ्या डाव्या कानावर पुण्याच्या एका डॉक्टरांनीं ही शस्त्रक्रिया केली. कानापुरताच भाग बधिर केला होता. मी जागा होतों. तास दीड तास सारें नीरव होतें. मग एकाएकीं धातूच्या ताटलींत हत्यार ठेवल्याचा आवाज झाला, आणि मी दचकलों. पाठोपाठ डॉक्टरांनीं अगदी हळू विचारलें, ‘‘ऐकूं येतंय का, सर?’’ त्या वेळीं मीं काय उत्तर दिलें तें मला आठवत नाहीं. त्यांच्या हाताविषयीं मात्र माझ्या मनांत जी भक्ति उत्पन्न झाली ती आजही कायम आहे.

उजव्या कानासाठीं यंदा त्यांच्याकडे पुन्हां गेलों. त्यांनीं सर्व तपासणी केली आणि म्हणाले, ‘‘शस्त्रक्रिया करण्यासारखी आहे. पण ती मी करणार नाहीं. माझा हात आतां पूर्वीचा राहिला नाहीं.’’

मीं त्यांच्या हाताकडे पाहिलें. मला तो पूर्वीसारखाच दिसला. ते हसले. ‘‘चहाचा कप धरायला हा हात उत्तम आहे, रिकिबीला पुरत नाहीं.’’

‘‘हें दुसऱ्या कोणाच्या लक्षांत आलें आहे का, डॉक्टरसाहेब?’’ मीं विचारलें.

‘‘अजून नाहीं,’’ ते म्हणाले. ‘‘म्हणून तर मलाच सांगायला हवें.’’

त्यांनीं आपल्या एका शिष्याचें नांव सुचविलें. उठतां उठतां असेंही म्हणाले कीं, आणखी कांहीं वर्षांनीं ही अडचण कदाचित् उरणारही नाहीं. परदेशांत कानासाठीं यंत्रें आलीं आहेत, शस्त्रवैद्याचा हात कांपला तरी तीं कांपत नाहींत.

घरीं आल्यावर या यंत्रांविषयीं मिळालें तें मीं वाचून काढलें. त्यावरून कळलें कीं, मनुष्याचा निरोगी हात देखील कधीं स्थिर नसतो. सेकंदाला आठ ते बारा वेळां तो थरथरत असतो. ही थरथर एरवीं जाणवत नाहीं, कारण तिचा आवांका मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. परंतु जेथें सारें कामच अर्ध्यापाऊण मिलिमीटरचें, तेथें हा दहावा भाग कांहीं थोडा नव्हे. मनगट टेंकवून, श्वास आंवरून, वर्षानुवर्षांच्या सरावानें शस्त्रवैद्य ती दाबून धरतो. १९२१ सालीं स्वीडनमध्यें कार्ल नीलेन यानें कानाच्या शस्त्रक्रियेंत सूक्ष्मदर्शकाचा प्रथम उपयोग केला. त्यानंतर डोळ्याचें सामर्थ्य कितीतरी पटींनीं वाढलें. हात मात्र होता तेथेंच राहिला. सूक्ष्मदर्शकानें त्याची थरथर तेवढी मोठी करून दाखविली.

हा हात सुधारण्याचे प्रयत्न तीन प्रकारांनीं झालेले दिसतात. अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत रसेल टेलर आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९९ च्या सुमारास पुढें आणलेल्या यंत्रांत हत्यार एकच असतें, पण तें शस्त्रवैद्य आणि यंत्र असे दोघे मिळून धरतात. पाटीवर अक्षर गिरविणाऱ्या मुलाचा हात पंतोजीनें धरावा, तसा हा प्रकार; फरक इतकाच कीं, येथें वळण धरलेल्या हाताचें असतें आणि स्थैर्य धरणाऱ्याचें. फ्रान्समध्यें तयार झालेल्या ‘रोबोटॉल’ या यंत्राला २०१६ सालीं युरोपांत मान्यता मिळाली. त्यांत शस्त्रवैद्य एक लहानशी मूठ फिरवितो आणि यंत्राचा बाहु ती हालचाल संथ व सूक्ष्म करून कानांत उतरवितो. तिसरा प्रकार याहून पुढचा. बर्मिंगहॅम येथें पीटर ब्रेट यांच्या मंडळीनें या शतकाच्या पहिल्या दशकांत असें एक गिरमीट बनविलें कीं, तें अंतर्कर्णाचें हाड कोरीत असतां आपल्या टोंकावर येणारा दाब आणि पीळ सारखा मोजीत राहतें, आणि हाड संपून आंतला नाजूक पापुद्रा लागतांच आपण होऊन थांबतें. पापुद्रा फाटत नाहीं. स्वित्झर्लंडमध्यें बर्न येथें मार्को काव्हेर्साच्चो व स्टेफान वेबर यांच्या मंडळीनें २०१६ सालीं कॉक्लियर इम्प्लांटसाठीं कानामागील हाडांतून सुमारें दोन मिलिमीटरचा बोगदा यंत्राकडूनच कोरवून घेतला. चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या अगदी जवळून तो नेला होता. मधून मधून यंत्र थांबवून मज्जातंतु सुखरूप असल्याची खात्री करून घेण्यांत येई. शेवटीं अंतर्कर्णांत घालावयाची तार मात्र शस्त्रवैद्यानें हातानेंच आंत सरकविली.

हें सर्व वाचून माझें मन यंत्राच्या बाजूला झुकलें, हें मी लपवीत नाहीं. त्याच सुमारास शेजारच्या मामांशीं माझें बोलणें झालें. मामा निवृत्त टर्नर. चाळीस वर्षें त्यांनीं येथल्याच कारखान्यांत लेथवर काढलीं. आतां त्यांचा मुलगा संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या लेथवर, ज्याला सीएनसी म्हणतात त्यावर, काम करतो. मामांनाही कमी ऐकूं येतें, पण त्यांचें बहिरेपण निराळें. गोंगाटानें अंतर्कर्णांतील सूक्ष्म पेशी एकदां मेल्या कीं पुन्हां उगवत नाहींत. तेथें शस्त्रवैद्याचा हातही चालत नाहीं आणि यंत्राचाही नाहीं. आम्ही दोघेही मोठ्यानें बोलतों, त्यामुळें आमच्यांतली कोणतीही गोष्ट आळीला नवी नसते.

हाताच्या थरथरीचा आंकडा मीं त्यांना सांगितला. त्यांनीं क्षणभर हिशेब केला. ‘‘म्हणजे चार थाऊ झाले, सर.’’ थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ‘‘चार थाऊचा फरक आमच्या साहेबानं कधीं पास केला नसता. मग कानाला कसा चालतो?’’

‘‘मग यंत्रच बरें म्हणायचें?’’ मीं म्हटलें.

‘‘पोराचं मशीन माझ्यापेक्षां चांगलं काम करतं, यांत वादच नाहीं,’’ मामा म्हणाले. ‘‘पण त्याला आंकडा चुकीचा दिला ना, तर तें चुकीचा माल सुद्धां तितकाच बरोबर काढतं. शंभरच्या शंभर नग. माझा हात दुसऱ्या नगालाच अडला असता.’’

या बोलण्यावर मी पुष्कळ विचार केला. पण त्याकडे वळण्यापूर्वीं हाताच्या अभिमान्यांचें म्हणणें पाहिलें पाहिजे, कारण तो पक्ष जुना आणि मानाचा आहे. सुश्रुतानें शल्यकर्माचीं एकशें एक यंत्रें सांगितलीं आणि त्यांत हाताला सर्वांत प्रधान मानलें. बाकीच्या यंत्रांचें काम हाताच्याच स्वाधीन, हें त्याचें कारण. ॲरिस्टॉटलच्या मतेंही हात हें इतर साधनांना वापरणारें साधन आहे. आपल्या महाराष्ट्रांत तर हाताच्या थोरवीचें एक ठळक उदाहरणच घडलेलें आहे. टिपूच्या कैदेंत नाक आणि हात गमावलेल्या कावसजी नांवाच्या गाडीवानाला, पुण्याजवळच्या विटा भाजणाऱ्या जातींतील एका माणसानें कपाळाच्या कातडीचें नवें नाक करून दिलें. ही हकीकत १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्यें छापून आली, आणि पुढें १८१४ सालीं जोसेफ कार्प्यू या इंग्रज शस्त्रवैद्यानें त्याच रीतीनें लंडनमध्यें शस्त्रक्रिया केली.

या गोष्टीचा आपण नेहमीं अभिमानानें उल्लेख करतों, आणि तो योग्यच आहे. परंतु तिच्यांत हाताच्या अभिमानाला छेद देणारीही एक गोष्ट आहे. त्या वीटकऱ्याचें कौशल्य त्याच्या हाताबाहेर पडलें, कागदावर उतरलें, समुद्र ओलांडून गेलें आणि ज्यानें त्याला कधीं पाहिलें नव्हतें अशा परक्याच्या हातांत जाऊन वसलें. म्हणजे कौशल्य, कांहीं अंशीं तरी, हातापासून वेगळें काढतां येतें. जें एका हातांतून कागदावर आणि कागदावरून दुसऱ्या हातांत गेलें, तें उद्यां यंत्रांत गेलें तर आकाश कोसळण्याचें कारण नाहीं.

आपल्या वैयाकरणांनीं क्रियेचा विचार करतांना कर्ता आणि करण असा भेद केलेला आहे. क्रियेच्या बाबतींत जो स्वतंत्र, त्याला पाणिनि कर्ता म्हणतो. आणि क्रिया सिद्धीस जाण्याला जें सर्वांत अधिक उपकारक, त्याला करण. या दृष्टीनें पाहिलें तर शस्त्रवैद्याचा हात पूर्वींही कर्ता नव्हता. तो करणच होता. फार जवळचें, आपल्याच रक्तानें पोसलेलें, आणि म्हणून कर्त्याहून वेगळें न भासणारें करण. त्याच्याहून अधिक उपकारक करण मिळालें असतां तें नाकारणें म्हणजे रोग्याच्या कानापेक्षां वैद्याच्या हाताला अधिक जपणें होय. मानवी स्पर्शाची थोरवी ज्याला चांगलें ऐकूं येतें त्यानें गावी, हें सोपें आहे. शस्त्रक्रियेच्या टेबलावर पडलेल्या माणसाला वैद्याची कला पाहावयाची नसते. त्याला आपल्या मुलांचे आवाज परत हवे असतात. चार थाऊचा कंप जर यंत्रानें एका थाऊवर आणतां येत असेल, तर तें यंत्र मागण्याचा त्याला अधिकार आहे, आणि मिळण्यासारखें असेल तर तें वापरणें हें वैद्याचें कर्तव्य आहे. येथवर मी यंत्राच्या पक्षाशीं पूर्ण सहमत आहें.

परंतु यंत्राचे अभिमानी येथेंच थांबत नाहींत. त्यांतील कांहीं म्हणतात कीं, आज यंत्र करण आहे, उद्यां तेंच कर्ता होईल. बर्मिंगहॅमच्या गिरमिटाकडे पाहा, तें आपण होऊन थांबतें. ज्याला कोठें थांबावें हें कळतें त्याला नुसतें हत्यार कसें म्हणावें? आक्षेप वरवरचा नाहीं. कारण कोठें थांबावें हें कळणें हाच शस्त्रविद्येचा सर्वांत कठीण भाग आहे, असें सर्व जाणते सांगतात.

तरीही मला त्यांत एक घोंटाळा दिसतो. गिरमीट पापुद्र्यापाशीं थांबतें, कारण त्याला दुसरें कांहीं करतांच येत नाहीं. दाब आणि पीळ यांचे आंकडे अमुक झाले कीं थांबावयाचें, हें त्याच्या मालकानें आधींच ठरवून टाकलेलें आहे. थांबण्याचें हें ज्ञान मोठें उपयुक्त आहे, आणि कित्येक कान त्यानें वांचतील. पण तें संयम नव्हे. संयम तेथेंच संभवतो, जेथें पुढें जाणें शक्य असतें, बहुधा फायद्याचेंही असतें, आणि तरीही मनुष्य थांबतो. माझ्या डॉक्टरांना पुढें जाणें शक्य होतें. त्यांच्या हाताची बातमी कोणाला नव्हती. त्यांच्या नांवावर विश्वासून आलेला जुना रोगी समोर बसला होता. त्यांनीं ‘मी करणार नाहीं’ असें म्हटलें, आणि त्या वाक्यांत ते पाणिनीच्या अर्थानें स्वतंत्र होते, म्हणून कर्ते होते. कारेल चापेकनें १९२० सालच्या आपल्या नाटकांत ‘रोबोट’ हा शब्द प्रथम प्रचारांत आणला, तो वेठ या अर्थाच्या चेक शब्दावरून. वेठीला धरलेल्याला नकार देतां येत नाहीं, आणि ज्याला नकार देतां येत नाहीं त्याच्या होकाराला नैतिक मोल नाहीं. यंत्राची निंदा म्हणून मी हें म्हणत नाहीं. त्याची जागा दाखविण्यासाठीं म्हणतों.

मामांच्या वाक्याचा अर्थ मला येथें लागला. अचूक असणें आणि बरोबर असणें या दोन गोष्टी आहेत. दिलेल्या आंकड्याप्रमाणें माल काढणें म्हणजे अचूकपणा. तो यंत्राजवळ हातापेक्षां अधिक आहे. पण हा आंकडा मुळांतच बरोबर आहे काय, हा कान उघडावा कीं न उघडावा, या माणसाला शस्त्रक्रियेपेक्षां साधें श्रवणयंत्रच बरें नव्हे काय, हे प्रश्न बरोबर असण्याचे आहेत. अचूकपणा जितका वाढेल तितकी बरोबर असण्याची जबाबदारी वाढते. कारण अचूक हत्यारानें केलेली चूक वाटेंत कोठेंही अडत नाहीं. हाताचें वैगुण्य हेंच कधीं कधीं त्याचें पहारेकऱ्याचें काम करी. दुसऱ्या नगाला अडणारा हात गेला, तर तें अडणें आतां बुद्धीनें जाणूनबुजून करावें लागेल.

आणि चूक झालीच तर? आपल्या भाषेंत चूक कबूल करण्याची एक रीत आहे. मनुष्य म्हणतो, ‘माझ्या हातून चूक झाली.’ चूक बोलण्याची असो, हिशेबाची असो, कीं विसरण्याची असो, तिच्यांत हाताचा कांहीं संबंध नसला तरी ती हातूनच होते. मराठी माणसानें अपराध आपल्या अंगाला लावून घेण्यासाठीं शरीरांतील हाच अवयव निवडला. याच्या शेजारीं आजकाल कचेऱ्याकचेऱ्यांतून ऐकूं येणारें दुसरें वाक्य ठेवून पाहा: ‘यंत्रांत बिघाड झाला.’ पहिल्या वाक्यांत कोणीतरी उभा आहे. दुसऱ्यांत कोणीच नाहीं. ज्याचा कान गेला त्याला या दोन वाक्यांतील अंतर फार मोठें वाटतें. कान तर दोहोंतही गेलेलाच असतो. पण पहिल्यांत निदान त्याच्याबरोबर दुःख करणारा एक मनुष्य उरतो, आणि पुढच्या रोग्याच्या वेळीं ज्याला हें दुःख आठवेल असाही तोच. म्हणून माझें म्हणणें असें कीं, हत्यार यंत्रानें धरलें असलें तरी शस्त्रवैद्यानें ‘माझ्या हातून’ असेंच म्हटलें पाहिजे. हात देतां येईल. अंगावर घेणें देतां येणार नाहीं.

आणखी एक भय आहे, आणि तें आमच्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणीं राहणारांना अधिक जाणवतें. सुश्रुतानें नवशिक्या शिष्याला कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांच्यावर छेद घेण्याचा सराव करावयास लावलें आहे. पाठ झालेली विद्या हातांत उतरल्याखेरीज कामाची नाहीं, हें त्याला ठाऊक होतें. यंत्र मध्येंच बंद पडलें तर पुढचें काम हातानेंच करावें लागणार. आणि ज्या हातानें पूर्वीं कधीं तें केलें नाहीं, त्याच्यावर त्या क्षणीं विसंबणें कठीण. शिवाय खेड्यापाड्यांतील पुष्कळ कान रिकिबीनें नव्हे, तर वर्षानुवर्षें वाहून, पडद्याला भोंक पडून बिघडतात. त्यांना जवळच्या रुग्णालयांतील एक शिकलेला, सरावाचा हात हवा असतो. यंत्राच्या कौतुकांत तो हात तयार करणेंच आपण सोडून दिलें, तर चार शहरांतील कांहीं कानांसाठीं शेंकडों गांवांतील कान आपण गमावूं. महाग वस्तु गरिबापर्यंत पोंचतच नाहीं असें मात्र मी म्हणणार नाहीं. १९८३ सालीं मुंबईस स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेच्या मार्फत केंद्र सरकारच्या योजनेंतून गरीब घरच्या बहिऱ्या मुलांना लाखों रुपयांचें कॉक्लियर इम्प्लांट मिळालेलें आहे. समाजानें मनावर घेतलें तर तें होतें. मात्र यंत्र आणि हात हे एकमेकांचे पर्याय समजून एकासाठीं दुसऱ्याला उपाशी ठेवूं नये.

मीं स्वतः काय ठरविलें, हें सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं. परदेशांतील तीं यंत्रें माझ्या आवांक्यांत नाहींत; असतीं तर मीं तीं नाकारलीं नसतीं. डॉक्टरांनीं सुचविलेल्या त्यांच्या शिष्याकडे मी जाऊन आलों. ती चाळिशीच्या आंतील एक बाई आहे. मीं तिला विचारलें, ‘‘तुमचा हात स्थिर आहे ना?’’ ती म्हणाली, ‘‘कोणाचाच नसतो, सर. माझा किती हलतो तें मला ठाऊक आहे.’’ मला तेवढें उत्तर पुरें झालें. येत्या महिन्यांत शस्त्रक्रिया ठरली आहे. तिचे गुरु त्या वेळीं शेजारीं उभे राहणार आहेत.

आणि एक गोष्ट. ज्या डॉक्टरांची मीं वर इतकी वाखाणणी केली, त्यांनीं आपल्या हाताचा दोष कोणाच्या लक्षांत येण्यापूर्वींच सांगून टाकला. आणि मी माझ्या कानाचा दोष इतकीं वर्षें वक्तशीरपणाखालीं झांकून बसलों होतों. डाव्या कानाला ऐकूं येऊं लागल्यावरही ती संवय सुटली नाहीं, कारण उजव्या बाजूच्या बांकांवरून आलेले प्रश्न मला अजून कळत नाहींत. हा विरोध एकदां ध्यानांत आल्यावर गप्प राहणें शक्य नव्हतें. या सत्राच्या पहिल्या तासाला मीं वर्गाला सांगितलें कीं, मला उजव्या कानानें ऐकूं येत नाहीं. त्या बाजूच्यांनीं प्रश्न मोठ्यानें विचारावे, आणि मीं चुकीचें उत्तर दिलें तर पुन्हां विचारावे. शेवटचीं पांच मिनिटें मीं मोकळीं ठेवलीं. उजवीकडच्या तिसऱ्या बांकावरून एक मुलगी उभी राहिली आणि तिनें सगळ्या इमारतीला ऐकूं जाईल अशा आवाजांत प्रश्न विचारला.